जुन्याला हात न लावता शेजारी नवं उभं करा: पोस्टग्रेस १३ वरून १८ वर जाताना

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी ग्रंथालयाच्या सभासदांची आणि पुस्तकांची नोंद मी सांभाळतो. कपाटाला लागून ठेवलेला एक संगणक, त्यावर डेबियन ११ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेबियनबरोबरच आलेलं पोस्टग्रेस १३, म्हणजे नोंदी साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर. देवघेवीच्या टेबलावर ग्रंथपाल काकू बसतात. सभासद क्रमांक टाकला की त्याच्याकडे कुठलं पुस्तक आहे, कधी नेलं, अनामत किती, हे त्यांना दिसतं. काम एवढंच, पण ते रोज संध्याकाळी बिनचूक व्हावं लागतं.

२५ सप्टेंबर २०२५ ला, ऐन नवरात्रात, पोस्टग्रेस १८ आलं. १३ नोव्हेंबरला आमच्या १३ ची मुदत संपणार होती. त्यानंतर त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तरी बुजवणारं कुणी नव्हतं. हलणं भाग होतं. दिवाळी अंकांची धांदल उरकल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हललो. हे काम पहिल्यांदाच अंगावर येणाऱ्यांसाठी हा लेख आहे: कॉलेजात शिकणारी मुलं, छोट्या दुकानात किंवा संस्थेत ‘कॉम्प्युटरचं तूच बघ’ म्हणून ज्यांच्या हाती किल्ली दिली जाते ते सगळे.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करा. मधली खालची रेघ आणि आधीच्या आडव्या रेघा दाखवल्या आहेत तशाच ठेवा.

आवृत्तीचा आकडा वाचता आला पाहिजे

२०१७ साली आलेल्या १० पासून हिशेब सोपा झाला. टिंबाच्या आधीचा आकडा मोठ्या आवृत्तीचा, नंतरचा छोट्या दुरुस्तीचा. १३.२० वरून १३.२३ वर जाणं म्हणजे प्रोग्रॅम बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करणं, बस. अशा दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात, आणि त्या लगेच घ्याव्यात. १३ वरून १८ वर जाणं हे वेगळं प्रकरण. मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि तिला पाच वर्षं आधार मिळतो. कुठे ९.५ किंवा ९.६ असं दिसलं तर तिथे पहिले दोन आकडे मिळून मोठी आवृत्ती धरायची.

नवी मोठी आवृत्ती जुन्या आवृत्तीचं फोल्डर उघडतच नाही. का, ते नीट समजून घ्या. हे एकदा कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते. मला ते काकूंनी समजावलं म्हटलं तरी चालेल. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं आणि ग्रंथालयांचं अख्खं जाळं उभं केलं, हे इथल्या कुठल्याही ग्रंथपालाला माहीत असतं. वर्गीकरण बदलणं म्हणजे काय, हेही त्यांना सांगावं लागत नाही. मी म्हटलं, ‘‘काकू, डेटा तोच राहणार, पण आतली मांडणी बदलल्यामुळे नव्या आवृत्तीला तो वाचता येत नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘अरे, पुस्तकं तिथंच आहेत ना? मग कार्डं नव्याने लिहायची.’’

अगदी हेच. तुमच्या तक्त्यांतल्या ओळी ज्या फायलींत असतात त्यांचा साचा एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत सहसा बदलत नाही. बदलतात ती कार्डं, म्हणजे कुठला तक्ता कुठे आहे, त्यात कुठले स्तंभ आहेत, कुणाला काय परवानगी आहे याची पोस्टग्रेसची स्वतःची आतली नोंद. म्हणून पुढे जायचे दोन रस्ते आहेत. एक, सगळा डेटा मजकूर म्हणून बाहेर काढायचा आणि नव्यात परत भरायचा. याला डम्प म्हणतात. दुसरा, पीजी_अपग्रेड: तो कार्डं नव्याने लिहितो आणि पुस्तकांच्या फायली जशाच्या तशा उचलून ठेवतो.

डॉकर, म्हणजे ‘इमेज’ या तयार साच्यावरून ‘कंटेनर’ या बंद पेटीत प्रोग्रॅम चालवायचं साधन, वापरणाऱ्या अनेकांची या गोष्टीशी गाठ नकळत पडते. इमेजपुढे आकडा न लिहिता ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असतं, एक दिवस नवी इमेज उतरते आणि कंटेनर सुरूच होत नाही. लॉग सांगतो की हे फोल्डर १३ ने तयार केलेलं आहे आणि या आवृत्तीशी जुळत नाही. घाबरू नका, डेटाला काही झालेलं नाही. इमेजपुढे जुना आकडा लिहा, सगळं पूर्ववत चालू होईल. पण ‘फोल्डर रिकामं करून बघू’ हा विचार मात्र मनातही आणू नका. आणखी एक: १८ च्या अधिकृत इमेजमध्ये डेटा ठेवायची जागा बदलली आहे. व्हॉल्यूम पूर्वी शेवटच्या ‘डेटा’ फोल्डरवर जोडत असू, आता त्याच्या वरच्या फोल्डरवर जोडायचा.

आधी वही घ्या

खरोखरची कागदी वही. त्यात लिहा: सध्याची आवृत्ती (‘सिलेक्ट व्हर्जन()’ विचारा), प्रत्येक डेटाबेसचा आकार, डिस्कवर मोकळी जागा किती, कुठली एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोड-सुविधा, बसवली आहेत (पीएसक्यूएल या आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅममध्ये \डीएक्स), आणि या डेटाबेसला कोण कोण जोडलं जातं. शेवटची नोंद सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. आमच्याकडे मला वाटत होतं की फक्त देवघेवीचा प्रोग्रॅम जोडला जातो. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ (सध्या कोण जोडलेलं आहे त्याची यादी) दोन दिवस पाहिल्यावर कळलं की वर्गणीच्या पावत्या छापणारा एक जुना संगणकही रोज येतो.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा द्या. एका संगणकावर पोस्टग्रेसचे जितके संसार (यांनाच क्लस्टर म्हणतात) असतील तितक्या ओळी दिसतात: आवृत्ती, नाव, पोर्ट (जोडणीचा क्रमांक), चालू की बंद, फोल्डर कुठे. ही ओळ वहीत उतरवून घ्या. पुढे तिचं काम पडणार आहे.

मधल्या आवृत्त्यांच्या टिपा वाचा

१३ वरून थेट १८ वर जाता येतं, एकेक पायरी चढावी लागत नाही. पण टिपा मात्र १४, १५, १६, १७ आणि १८ अशा पाचही वाचाव्या लागतात. सगळ्या नकोत, प्रत्येकीच्या सुरुवातीला स्थलांतराचा भाग असतो, तेवढा पुरे. आमच्यासारख्यांना लागू पडल्या त्या तीन गोष्टी अशा.

१४ पासून नवे पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीऐवजी स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवले जातात. १८ मध्ये एमडी५ अजून चालतं, पण ते पुढे काढून टाकणार असल्याची सूचना दिसू लागते.

१५ पासून ‘पब्लिक’ स्कीमात, म्हणजे तक्ते ठेवायच्या सामाईक खणात, कुणीही येऊन तक्ते बनवू शकत नाही. मात्र जुना डेटाबेस हलवला तर त्याच्या जुन्या परवानग्या तशाच येतात. नवा नियम नव्याने बनवलेल्या डेटाबेसला लागतो. त्यामुळे ‘जुन्यात चालतं, नव्यात परवानगी नाही’ असं कोडं पडलं तर आधी इथे बघा.

१८ मध्ये नवा क्लस्टर बनवताना डेटाच्या पानांचे चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, आपोआप चालू असतात. ते चांगलंच आहे, डिस्क बिघडून पान खराब झालं तर कळतं. पण जुन्यात चेकसम बंद आणि नव्यात चालू असतील तर पीजी_अपग्रेड पुढे जायला नकार देतो. स्वतःच्या हाताने इनिटडीबी (नवा क्लस्टर बनवायची आज्ञा) करणाऱ्यांनी दोन्हीकडे सारखं ठेवावं: एक तर जुना बंद करून त्यावर ‘पीजी_चेकसम्स --एनेबल’ चालवा, नाही तर नवा ‘--नो-डेटा-चेकसम्स’ देऊन बनवा. मी पहिलं करीन.

बॅकअप, आणि तो दुसऱ्या छताखाली

१३ च्याच पीजी_डम्पऑल या डम्प काढायच्या साधनाने एक पूर्ण डम्प घ्या. परतायची वेळ आली तर तो १३ मध्ये निर्धास्त भरता येतो. मग तो इमारतीबाहेर न्या. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, ते बडोद्यात कुणाला वेगळं सांगायला नको. तळमजल्यावरच्या कपाटातला संगणक आणि त्याच कपाटातला पेन ड्राइव्ह मिळून एकच प्रत होते, दोन नव्हे. आमची एक प्रत माझ्या घरी तिसऱ्या मजल्यावर असते आणि एक शहराबाहेर.

रंगीत तालीम

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. खऱ्या संगणकाला हात लावण्याआधी स्वतःच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस १८ बसवा आणि त्यात संपूर्ण डेटा भरून बघा.

यासाठीचा डम्प मात्र नव्या आवृत्तीच्या साधनाने घ्यायचा. १८ चा पीजी_डम्पऑल १३ च्या सर्व्हरमधून डेटा काढू शकतो आणि तो १८ ला समजेल असा लिहितो. सर्व्हरवर फक्त १८ चं क्लायंट पॅकेज बसवलं तरी चालतं, चालू असलेल्या १३ ला त्याचा धक्का लागत नाही. डेबियनवर आज्ञा देताना १८ च्या फोल्डरातला पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर कुठल्या आवृत्तीचं साधन चाललं हे कळत नाही.

भरताना स्क्रीनवर जे येतं ते फायलीत घ्या आणि नंतर शांतपणे वाचा. ‘पोस्टग्रेस नावाचा रोल आधीच आहे’ ही चूक दिसेल (रोल म्हणजे वापरकर्त्याचं खातं). ती निरुपद्रवी आहे. बाकी प्रत्येक चूक तपासा. आमची पहिली तालीम दुसऱ्याच मिनिटाला अडली, कारण सर्व्हरवरचा भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा आणि अक्षरक्रमाची मांडणी) माझ्या लॅपटॉपवर बसवलेलाच नव्हता, त्यामुळे डेटाबेस तयार होईना. लोकेल बसवला, पुन्हा केलं, झालं. ही अडचण ग्रंथालयात, समोर सभासद उभे असताना आली असती तर मला घाम फुटला असता.

मग मोजा. सभासद किती, दाखल क्रमांक किती, आज बाहेर असलेली पुस्तकं किती, अनामतीची बेरीज किती. हे चार आकडे जुन्यात आणि नव्यात काढायचे आणि शेजारी शेजारी लिहायचे. आमच्याकडे तिसरी साक्षही होती, काकूंची देवघेवीची वही. तुमचं दुकान असेल तर शिल्लक मालाची बेरीज आणि येणं बाकी मोजा. ज्या आकड्यावर मालकाचा विश्वास आहे तो आकडा निवडा.

तालमीत लागलेला वेळही वहीत लिहा. आमचा सगळा डेटा एक जीबीच्या आतला, म्हणून काही मिनिटांतच झालं. पण हा वेळ माहीत असल्यामुळेच काकूंना ‘सोमवारी दुपारी, संध्याकाळच्या आत’ असं सांगता आलं.

कुठला रस्ता घ्यायचा

काही जीबीपर्यंतचा डेटा असेल तर डम्पचाच रस्ता घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तो हळू आहे, पण सगळ्यात स्वच्छ. त्यात इंडेक्स (झटपट शोधासाठीच्या सूची) नव्याने बांधले जातात आणि वर्षानुवर्षं साठलेली पोकळ जागाही निघून जाते. शेकडो जीबी असतील तर पीजी_अपग्रेड. आधी ‘--चेक’ देऊन चालवा. तो काही न बदलता अडचणी सांगतो. नुसता चालवला तर फायलींची प्रत करतो, म्हणजे तेवढी मोकळी जागा लागते, पण जुना शाबूत राहतो. ‘--लिंक’ दिलं तर प्रत न करता त्याच फायली वापरतो. काम झटपट होतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. पहिल्या वेळी लिंक नको.

आणि एका दिवशी एकच बदल. ऑपरेटिंग सिस्टिम आणि पोस्टग्रेस एकाच वेळी बदलू नका. अक्षरांचा क्रम बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी या लायब्ररीकडून येतो, आणि तिच्या २.२८ या आवृत्तीत तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, असं झालं की असलेली नोंद सापडत नाही. उबुंटू १८.०४ सारख्या जुन्या सिस्टिमवरून फायली तशाच उचलून नव्या सिस्टिमवर नेणाऱ्यांना हा धोका असतो. त्यांनी मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधलेच पाहिजेत. डम्पवाल्यांना ही चिंता नाही.

प्रत्यक्ष दिवस

पोस्टग्रेस प्रकल्पाची स्वतःची पॅकेजं देणारी रेपॉझिटरी डेबियनला जोडा आणि तिथून १८ चा सर्व्हर बसवा. तो जुन्याला न हलवता शेजारी उभा राहतो. १३ पोर्ट ५४३२ वर, नवा १८ बहुधा ५४३३ वर.

इथे सगळ्यात धोक्याचं वळण आहे. डेबियन बसवतानाच १८ चा ‘मेन’ नावाचा रिकामा क्लस्टर बनवून ठेवतो, आणि स्थलांतराच्या आज्ञेला त्या नावाची जागा मोकळी हवी असते. म्हणून तो रिकामा आधी काढावा लागतो: ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १८ मेन --स्टॉप’. या ओळीत १८ च्या जागी १३ गेलं तर तुमचा खरा डेटा जाईल, आणि ही आज्ञा ‘नक्की का?’ असं विचारत नाही. आकडा टाइप करा, हात कीबोर्डवरून काढा, पीजी_एलएसक्लस्टर्सची ओळ पुन्हा बघा, आकडा मोठ्याने वाचा, मगच एंटर दाबा. मी काकूंना शेजारी बसवून वाचून दाखवला होता.

मग देवघेवीचा प्रोग्रॅम बंद करा, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत कुणी उरलं नाही ना ते बघा आणि शेवटचा एक डम्प घ्या. त्यानंतर: ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर -एम डम्प -व्ही १८ १३ मेन’. पद्धत उघड लिहिलेली बरी. काय घडणार आहे ते वाचणाऱ्याला कळतं. पीजी_अपग्रेड हवा असेल तर ‘डम्प’ऐवजी ‘अपग्रेड’. संगणक इन्व्हर्टरवर आहे ना, तेही बघून घ्या.

काम संपल्यावर नवा क्लस्टर ५४३२ वर आलेला असतो आणि जुना दुसऱ्या पोर्टवर बंद अवस्थेत उभा असतो. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये काही बदलावं लागत नाही. लगेच ‘व्हॅक्यूमडीबी --ऑल --ॲनालाइझ-इन-स्टेजेस’ चालवा. कुठल्या तक्त्यात काय प्रमाणात आहे याचा अंदाज नव्याला नसेल तर साधे शोधही रेंगाळतात. पीजी_अपग्रेडने १८ वर आलात तर हा अंदाज बहुतांशी सोबत येतो, ही १८ मधली मोलाची सुधारणा आहे. उरलेल्या तक्त्यांसाठी तिथे ‘--मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली’ जोडा.

चार आकडे पुन्हा मोजा. आमचे जुळले. मग काकूंनी एक खरं पुस्तक एका खऱ्या सभासदाला दिलं, परत घेतलं, आणि आम्ही दार उघडलं.

पुढचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी सगळे पासवर्ड स्क्रॅममध्ये आणले आणि पावत्या छापणारा जुना संगणक जोडला जाईना. त्यावरचा ड्रायव्हर इतका जुना होता की त्याला स्क्रॅम येतच नव्हतं. ड्रायव्हर बदलल्यावर चाललं. तालमीत मी फक्त देवघेवीचा प्रोग्रॅम जोडून पाहिला होता, पावत्यांचा नाही. वहीत नाव होतं, तरी तपासायचं राहिलं. तुम्ही यादीतला प्रत्येक जण तालमीतच जोडून बघा.

याद्यांचा क्रमही डोळ्यांखालून घाला. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ ह नंतर येतात. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावलं तर क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतात आणि कार्डांच्या खणाची सवय असलेल्या ग्रंथपालाला ते सापडत नाहीत. आयसीयू या भाषांचे नियम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचा नियम, बनवून यादीच्या क्वेरीत तेवढ्यापुरतं वापरता येतं. पाच-दहा अवघड नावं घेऊन आधी करून बघा.

१८ चा एक फायदा आम्हाला लगेच दिसला. पुस्तकांवर भाषा आणि लेखक असा जोड इंडेक्स होता. भाषा न सांगता नुसता लेखक शोधला की पूर्वी तो इंडेक्स बहुधा वापरलाच जात नसे. आमच्याकडे भाषा चारच: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. १८ ला एका भाषेवरून पुढच्या भाषेवर उडी मारत प्रत्येकीत लेखक शोधता येतो. याला स्किप स्कॅन म्हणतात. पहिल्या स्तंभात वेगवेगळी मूल्यं थोडी असतील तेव्हाच हे जमतं, आणि ग्रंथालयात तशी असतातच. डिस्कवरून पुढची पानं आधीच मागवून ठेवणारं असिंक्रोनस वाचन ही १८ ची सर्वात गाजलेली गोष्ट आहे. मोठ्या तक्त्यांवर ती कामाला येते, आमच्या एवढ्याशा डेटाला तिची गरज पडत नाही.

जुना १३ लगेच काढू नका. बंद ठेवा, पण असू द्या. मात्र नव्यात चार दिवस नोंदी झाल्यावर जुन्याकडे परतलात तर त्या चार दिवसांची देवघेव तिथे नसणार, हेही लक्षात असू द्या. म्हणून परतायचा निर्णय पहिल्या संध्याकाळीच घ्यायचा. आम्ही पंधरा दिवस थांबलो, महिन्याची वर्गणी एकदा जमा होऊ दिली आणि मग ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १३ मेन’ दिली, पुन्हा आकडा मोठ्याने वाचून. वहीच्या त्याच पानावर काकूंनी तारीख घातली आणि खाली लिहिलं: १८ ची मुदत नोव्हेंबर २०३०.